सूनबाईचा बायपास

माझ्या सासूबाईंनी ट्रक चालवायला घेतला तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती आणि त्यांचा उजवा हात नुकताच प्लास्टरमधून सुटला होता.

ट्रक कॉम्प्युटरवरचा होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मनगट रोज गोल गोल फिरवा. ते ऐकून माझ्या नवऱ्याने, नितीनने, माळ्यावरचं आपलं जुनं गेमचं स्टिअरिंग काढलं आणि आईपुढे टेबलाला आवळून दिलं. (लग्नाआधी त्याला ट्रक चालवण्याच्या गेमचा भारी नाद होता. स्टिअरिंग माळ्यावर कोणी टाकलं, हे विचारू नका.) मनगट थोड्याच दिवसांत बरं झालं, पण सासूबाई टेबलावरून उठेनात. दुपारी शहापुरातल्या आमच्या आळीत घराघरांतून मालिकांची गाणी ऐकू यायची आणि आमच्या घरातून हॉर्न.

युरोपातल्या एका देशातून दुसऱ्या देशात त्या ट्रेलर भरभरून माल पोचवायच्या. पण तोंड वाकडं करून.

"कसले हे रस्ते गो," त्या म्हणायच्या. "माणूस नाय, ढोर नाय, एक चहाची टपरी नाय. एवढी लांब गाडी हाकायची न् कोनी ओळखीचा भेटायचा नाय."

एक दिवस त्यांनी गाडी हायवेच्या कडेला लावली, माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तू कॉम्प्युटर शिकवतेस ना क्लासात? मग यात आपलं शहापूर घाल."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

अशा गेममध्ये हौशी लोक आपल्याकडचे रस्ते तयार करून मूळ नकाशाला जोडतात, हे मला माहीत होतं. किती कष्ट पडतात ते मात्र माहीत नव्हतं. तरी मी पदर खोचला. क्लासवरून आले की बसायचं, एक वळण टाकायचं, दोन झाडं लावायची. सासूबाई मागे खुर्ची टाकून तपासणीला. सापगावच्या पुलाचा कठडा एका जागी वाकलाय, तो वाकडाच हवा. तानसाकडे जाणाऱ्या फाट्यावर पाटी नको, कारण तिथे खरोखर पाटी नाही. एका वळणावर मी हौसेने गुलमोहर लावला, तो त्यांनी उपटायला लावला आणि त्या जागी काटेसावर आली. शहापुरातून मुरबाडच्या वेशीपर्यंत रस्ता असा उभा राहिला की नितीनही गप्प बसून बघत राहिला.

मग मुरबाडची बाजारपेठ आली आणि माझा धीर सुटला. इतकी दुकानं, इतके फलक, रिक्षा, हातगाड्या, मध्येच बसलेली गाय! हे सगळं एकेक करून उभं करायचं म्हणजे माझी नोकरी जाणार. म्हणून मी एक युक्ती केली. मुरबाडच्या अलीकडे, एक मोठी चिंच आणि वीटभट्टी दाखवली होती तिथून डावीकडे एक गुळगुळीत रस्ता काढला, शेताशेतांतून फिरवला आणि बाजारपेठ टाळून थेट पुढच्या म्हसा गावाच्या रस्त्याला नेऊन जोडला. असा रस्ता जगात कुठेही नाही. सासूबाईंनी त्यावरून ट्रेलर हाकला आणि पहिल्यांदाच माझ्या कामाला नावं ठेवली नाहीत.

"हा रस्ता झाक केलास," त्या म्हणाल्या.

आळीतल्या बायकांना बोलावून त्यांनी तो दाखवला. त्याचं नावही त्यांनीच ठेवलं, 'सूनबाईचा बायपास'. असा रस्ता खरंच झालाय असं त्या धरून चालल्या होत्या; हा मी मनाने काढलाय हे मी सांगणार होते. पण लग्न झाल्यापासून माझी एवढी स्तुती झाली नव्हती. म्हटलं, दोन दिवस ऐकून घेऊ.

त्याच सुमारास माझ्या नणंदेचं, दीपालीचं, लग्न ठरलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, प्रशांत. गाव सिद्धगडाच्या पायथ्याकडे, म्हशाच्याही पुढे. दोघांचं आपसांत केव्हाच ठरलं होतं, अडून बसले होते ते मुलाचे काका. घरात सगळा कारभार त्यांचा. तालुक्यातली कोणतीही गोष्ट आपल्याला आधी कळते, असा त्यांचा लौकिक होता आणि तो टिकवायला ते झटत असत. बोलणी करायला आमची माणसं गेली, तेव्हा बाजारपेठेत गाडी अडकून उशीर झाला होता. काका सगळ्यांदेखत म्हणाले, "शहापूरवाल्यांना टाइमाची किंमत नाय. पोरगी पन तशीच निघायची."

दीपाली ते विसरली नाही. सासूबाई तर मुळीच नाहीत.

"साखरपुड्याला येळेच्या आधी पोचून दाखवीन," त्यांनी जाहीर केलं. साखरपुडा मुलाच्या घरी, मुहूर्त दुपारच्या आतला होता. नितीनला सकाळीच मोटरसायकलवर पुढे धाडलं. मागून आम्ही सगळे काशिनाथमामांच्या जीपमध्ये. मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. त्यांची जीप याच भागात भाड्याने फिरायची. पुढे मामांशेजारी सासूबाई, मधल्या सीटवर शालू सावरत दीपाली आणि दोन आत्या, सगळ्यात मागे मी, मांडीवर लाडवांची टोपली. टोपली माझ्या हनुवटीपर्यंत येत होती. (पुढे जे घडलं त्यात या टोपलीचा वाटा मोठा आहे, असं मी आजही सर्वांना सांगते. कोणी ऐकत नाही.)

सापगावचा पूल गेला. थंडी सरत आली होती, दोन्हीकडे कापलेल्या भाताच्या खाचरांत वाल तरारला होता. मुरबाड जवळ आलं आणि सासूबाई ताठ बसल्या.

"काशिनाथ, फुडं चिंच येल. तिथनं डावीकडं घे."

"डावीकडं कुठं बाय?"

"बायपासला."

मामांनी जीप हळू केली. "बाय, मी रोज या रस्त्याला असतो. इथं बायपास नाय."

"तू रोज भाडी मारतोस, रस्ता बघतोस कुठं? मी किती येळा गेली हाय यावरनं. ट्रेलर घेऊन."

मागून मी टोपलीवरून मान काढली. "आई, तो रस्ता..."

"कळलं गो, तूच काढलास. सांगू सगळ्यांना, आधी पोचू तर दे."

इतक्यात वळणापुढे खरंच चिंच दिसली. तिच्याजवळ वीटभट्टी होतीच. आणि भट्टीला लागून, देवाशपथ सांगते, डावीकडे एक कच्चा रस्ता जात होता. मी तोंड उघडलं होतं ते तसंच मिटलं. क्षणभर मलाच वाटलं, हा रस्ता मी कधीतरी पाहिलेला असणार, नाहीतर सुचला कसा? मामांनी मोठ्या बहिणीकडे एकदा पाहिलं आणि जीप वळवली.

भट्टीवर एक बाई विटा रचत होती. तिने हात वर केला. "ताई, फुडं रस्ता नाय. इटांच्या गाडीपुरताच हाय."

"आमाला म्हशाला जायाचंय," सासूबाई म्हणाल्या. जणू ज्यांना म्हशाला जायचंय त्यांच्यासाठी रस्ता वेगळा आहे.

भट्टी संपली तशी चाकोरी अरुंद झाली. मग चाकोरीत गवत आलं. मग नुसतंच गवत राहिलं.

"गेममधी इथं डांबर व्हतं," सासूबाई पुटपुटल्या, पण थांबा म्हणाल्या नाहीत. एक बांध आला, मामांनी जीप तिरकी चढवली. आत्यांपैकी एक दीपालीच्या मांडीवर आली. दुसरा बांध आला. तो आम्ही चढलो, पण पलीकडे उतार नव्हता, ओहोळाचा कोरडा काठ होता. जीपचं पुढचं चाक काठावरून खाली उतरलं आणि तिथेच अडकलं. टोपलीतले लाडू एकदम माझ्या तोंडापर्यंत आले.

"बाय," मामा शांतपणे म्हणाले, "आता?"

मी तेव्हा सांगून टाकलं. रस्ता खोटा आहे, मला बाजारपेठ उभी करायचा कंटाळा आला म्हणून मी तो काढला. बोलताना मी लाडवांकडेच बघत होते. दोन्ही आत्यांनी एकाच वेळी 'अगं बाई' म्हटलं. मामा स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसू लागले, त्यांचे नुसते खांदे हलताना दिसत होते. दीपाली मागे वळली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता.

"वहिनी, काय करायचं ते करा. माझा साखरपुडा आजच होणार. मला उचलून न्या, ढकलून न्या."

सासूबाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं.

तेवढ्यात माझ्या मोबाइलवर नितीनचा फोन आला, मी तो स्पीकरवर टाकला. तो मुलाच्या घरी एकटाच सापडला होता. "आई, कुठे आहात? मला इथे पोह्यांवर पोहे वाढतायत. काका घड्याळ बघतायत." आणि मागून काकांचा आवाज ऐकू आला, "इचार, इचार, शहापुरातनं तरी निघाले का."

झालं. सासूबाईंनी माझ्या हातातला फोन ओढून घेतला. "निघाले म्हंजे? बायपासला आलोय आमी," त्या ठणकावून म्हणाल्या.

नितीनला त्या बायपासची जन्मकथा पाठ होती, तो बिचारा काय बोलणार? पण काका बोलले. आपल्या तालुक्यात बायपास झाला आणि आपल्याला पत्ता नाही, हे ते चार माणसांत कबूल कसं करणार?

"बायपासला ना?" काका म्हणाले. "मंग आलाच की. त्यो नवीनच केलाय. तुमाला गवसायचा नाय, मी फुडं येतो घ्यायला."

सासूबाईंनी फोन ठेवला आणि आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो. घ्यायला येतो म्हणजे कुठे?

शेताची मालकीण वालाच्या शेंगा खुडत होती, ती एव्हाना जवळ आली. हे लटांबर कुठून आलं, असं तिने विचारलंही नाही, नवरी मुलगी पाहून बांधावर एक पोतं पसरलं आणि म्हणाली, "बस पोरी, शालू खराब होल." मी आणि मामा जीप ढकलत होतो. म्हणजे मामा ढकलत होते, मी लाडू मोजून बघत होते.

आणि मग ओहोळाच्या पलीकडच्या शेतात धूळ उडाली. एक टेंपो बांधांवरून उसळ्या मारत आला आणि बरोबर समोरच्या काठावर थांबला. पुढून काका उतरले. मागून मुलाचे आईवडील, चार नातेवाईक, डोक्याला टोपी आणि चेहऱ्यावर धूळ असा प्रशांत, आणि सगळ्यांत शेवटी नितीन. नंतर कळलं ते असं: काकांनी म्हशाच्या रस्त्यावर दिसेल त्याला 'नवीन रस्ता' विचारला होता आणि कोणीतरी विहिरीकडे जाणारी नवी गाडीवाट दाखवली होती.

दोन्ही काठांवर दोन्ही व्याही मंडळी. मध्ये कोरडा ओहोळ. काकांनी ओहोळ पाहिला, अडकलेली जीप पाहिली, आणि घसा खाकरला.

"पूल बाकी ठेवलाय," ते म्हणाले. "कॉन्ट्रॅक्टर नालायक हाय."

सासूबाईंनी पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं, या खेपेला जरा सावकाश.

"लय नालायक," त्या म्हणाल्या. "काम अर्धं टाकायचं न् वर चांगलं म्हणवून घ्यायचं."

"कामचुकार जात."

"मी तर म्हन्ते असल्या मानसाच्या हातात काम द्यावंच नाय."

दोघं दोन काठांवर उभे राहून त्या कॉन्ट्रॅक्टरला मनसोक्त बोलत राहिले. बोलता बोलता काकांचा चेहरा सैल झाला. आपल्याइतकंच चिडणारं माणूस त्यांना बहुधा बऱ्याच दिवसांनी भेटलं होतं. मी टोपली घेऊन मान डोलावत होते. नितीन आकाशाकडे बघत होता.

शेवटी प्रशांतच म्हणाला, "काका, मुहूर्त चाललाय," आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ओहोळात उतरला. त्याच्यामागून सगळे उतरले. त्या पोत्यावरच दीपाली बसली, शेजारी प्रशांत. नारळ ठेवायला तांदूळ होते, पाट नव्हता. मामांनी जीपचं सुटं चाक आडवं टाकलं. शेतमालकिणीने कळशीतलं पाणी दिलं. ओटी भरली, अंगठ्या झाल्या, लाडू वाटले. काकांनी घड्याळ बघितलं आणि मोठ्याने म्हणाले, "टाइमात झालं. तुमची काय चूक नाय. चूक असंल तर त्या कॉन्ट्रॅक्टरची."

परत निघताना दीपालीने मला बाजूला घेतलं. "वहिनी, लग्न लागेपर्यंत तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही."

मी बोलले नाही. काका मात्र बोलले. मुरबाडात, म्हशाच्या बाजारात, भेटेल त्याला त्यांनी सांगितलं की बायपास होतोय, आपण स्वतः जाऊन पाहिला, आमच्या व्याह्यांची सूनच त्या कामावर आहे. ('सूनबाईचा बायपास' हे नाव एका आत्याच्या तोंडून त्यांच्या कानावर गेलं होतं.)

लग्न थाटात झालं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक गृहस्थ मोटरसायकलवरून आमच्या दाराशी आले. पायातल्या चपला काढून, अदबीने म्हणाले, "बायपासवाल्या मॅडम इथंच राहतात ना?"

त्यांचं शेत चिंचेच्या पलीकडे होतं. रस्ता त्यांच्या कलमी आंब्यांवरून जातो असं त्यांनी ऐकलं होतं, आणि आंबे वाचल्याशिवाय ते घरी जाणार नव्हते. मी त्यांना समजावलं. हा गेम आहे, खोटा रस्ता आहे, माझी सरकारी ऑफिसात काही ओळख नाही.

"सुरुवातीला सगळे असंच सांगतात," ते म्हणाले आणि ओट्यावर मांडी घालून बसले. दुपार कलली तरी उठले नाहीत.

शेवटी सासूबाई आतून म्हणाल्या, "सरकव की गो जरा. तुझं काय जातं?"

मी कॉम्प्युटर चालू केला. त्यांना शेजारी बसवून घेतलं, आंबे कुठे आहेत ते विचारलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत रस्ता उचलून पलीकडच्या शेतातून नेला. त्यांनी तो नीट पाहिला, सासूबाईंनी त्यांना ट्रेलरमधून एक चक्कर मारून आणली, मग ते चहा घेऊन, हात जोडून समाधानाने गेले. जाताना म्हणाले, तालुक्याला इतकं भराभर काम करणारं माणूस आजवर मिळालं नव्हतं. मला रात्री छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या शेताचे मालक आले. भावकीसह. मी चहाचं मोठं पातेलं चढवलं आणि कॉम्प्युटर चालू केला.