रेवदंड्याला पाठवलेले पक्षी

आक्का गेल्याचं पत्र विमानाच्या टपालानं आलं तेव्हा मी इस्रायलमधल्या किर्यात मलाखीच्या बागेत, तळ्याच्या काठी, डोळ्याला कॅमेरा लावून पालथा पडलो होतो. पुढे एक पाणपक्षी. मागून सॅमसन आला, माझा शेजारी आणि कॅमेऱ्याचा मालक. पत्र त्यानंच आणून दिलं. मी वाचेपर्यंत पक्षी उडाला.

मग आमच्या यहुदी रिवाजाप्रमाणे बहिणीच्या शोकाला सात दिवस घरी बसलो. सॅमसन रोज चहा घेऊन यायचा आणि आक्काचे किस्से निघायचे. माणूस गेलं की किस्से एकदम वाढतात, कुठून ते कळत नाही!

*

आमची पद्धत अशी. इथल्या पक्ष्यांची नावं कोकणातून आलेल्या आम्हांला येत नव्हती. पुस्तक हिब्रूत! आक्काचं घर मात्र रेवदंड्याच्या खाडीवर. चिखलात उमटलेला प्रत्येक पाय तिच्या ओळखीचा. म्हणून फोटो काढायचा, तिला पाठवायचा आणि नावाची महिनाभर वाट बघायची.

तोवर पक्षी कधीच गेलेला!

*

पहिलाच फोटो परत आला. मागे लिहिलेलं, "टिटवी आहे. पण डोक्यावर काळी टोपी, छातीवर काळा कोट? ही आपली नव्हे, तिकडच्या सिनेगॉगमधली रब्बी दिसते!"

*

एकदा बागेच्या राखणदारानं आम्हांला हेर म्हणून धरलं. "चिखलात कॅमेरा घेऊन काय करता?"

सॅमसननं पक्ष्याकडे बोट दाखवलं. राखणदारही शेजारी पालथा पडला. दहा मिनिटं हलला नाही.

"आणि हे बघून हिंदुस्थानला कळवता?"

"होय."

"का? त्यांच्याकडे पक्षी नाहीत?"

*

शनिवारी शब्बाथ, सगळ्या कामाला सुट्टी, म्हणून कॅमेरा कपाटात. नेमके त्याच दिवशी लांब पायांचे शेकाटे अगदी पायाशी येऊन उभे राहायचे, पोज देऊन! सॅमसन हात मागे बांधून पुटपुटायचा, "बदमाश! रविवारी या, मग बघतो."

रविवारी तळं रिकामं. सॅमसननं रागानं तसाच फोटो काढून पाठवला. आक्काचं उत्तर आलं, "ओळखलं. पाणी आहे."

*

माझी बायको हन्ना जाऊन चार वर्षं झाली होती. आक्का तो विषय कधी काढत नसे. पण एका फोटोवर तिनं लिहिलं, "पक्षी शेकाट्या. मागे बाकावर विणत बसलेली बाई कोण? आधीच्या तीन फोटोंतही आहे."

मी सॅमसनकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतोस? कॅमेरा माझा. डोळा तुझा!"

मी आक्काला कळवलं, रुमानियाहून आली असावी, सकाळी 'बोकर तोव' एवढा नमस्कार करते, बस्स. उलट टपाली हुकूम आला, "एकटा किती दिवस चहा पिणार? पुढच्या फोटोत तिला नीट घे."

पुढचा फोटो मी फार काळजीपूर्वक काढला.

*

शोक संपून पंधरा दिवस झाले आणि बोटीच्या टपालानं आक्काचंच पत्र आलं, जाण्याआधी लिहिलेलं.

"चिखल्या पक्षी अर्धा कापलास. बाई पूर्ण आली आहे. हन्नालाही आवडली असती. नाव काय तिचं?"

सॅमसननं पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं. "विचार की!"

ती अजून रोज येते. बाकावर बसते, विणते. नाव मी विचारलेलं नाही.