नक्कल पडताळली

इंदापूरच्या मामलेदार कचेरीत मी दप्तरखान्याचा कारकून होतो. स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली होती, माझं लग्न होऊन दोन. दप्तरखाना म्हणजे कौलारू लांबट खोली, भिंतभर मांडण्या आणि त्यांवर गावागावांचे रुमालात बांधलेले गठ्ठे. नवे गठ्ठे ठेवायला जागा उरली नव्हती. म्हणून वरून हुकूम आला, मुदत संपलेले कागद निवडून जाळून टाका. त्यात पीकपाहणीच्या जुन्या याद्याही होत्या. कोणतं शेत कोण कसतं आणि त्यात काय पेरलंय, हे त्यांत लिहिलेलं असे. त्यांच्याबाबत एक अट होती. त्यांची नक्कल बारामतीच्या कचेरीत आहे याची खात्री करून मगच जाळायच्या.

मी बारामतीला पत्र पाठवलं. तीन आठवडे उत्तर आलं नाही. आमच्या अव्वल कारकुनांना निवृत्तीला चार महिने राहिले होते आणि जाण्याआधी खोली मोकळी करून द्यायची होती. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, नक्कल तिथं असणारच, जाते कुठं? यादीत शेवटचा रकाना होता, 'नक्कल पडताळली'. चाळीस गावांपुढं मी एका बैठकीत 'होय' लिहिलं आणि खाली सही ठोकली. कचेरीच्या मागं दोन दिवस जाळ चालला. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. खोलीत उजेड आला होता.

महिनाभरानं एक बाई आली. भिगवणच्या अलीकडं भीमेकाठी तिचं गाव. बागवानाची विधवा, नवरा होता तोवर दोघांनी आणि तो गेल्यावर तिनं एकटीनं नदीलगतचा एक तुकडा कसला होता. वांगी, कांदा, बांधाला पेरू. सगळा गाव तिला चाची म्हणे. कूळकायद्याच्या सुनावण्या सुरू झाल्या होत्या. जमीनमालक म्हणत होता, ही कूळ नाही, रोजानं येणारी बाई आहे. पावती कधी कुणी दिली नव्हती. गावच्या कुलकर्ण्यांच्या माळ्यावरचं दप्तर वाळवीनं खाल्लेलं. तिला कुणीतरी सांगितलं, पाहणीच्या याद्या इंदापुरात असतात, त्यात तुझ्या नवऱ्याचं नाव असेल.

मी गावाचं नाव विचारलं. ते जाळलेल्या चाळीस गावांतलंच निघालं. तरी उठून मांडणीपाशी गेलो, गठ्ठे उचलल्यासारखं केलं. परत येऊन म्हणालो, "नक्कल बारामतीला आहे. मी स्वतः आणतो."

"सुनावनी आठ दिसांवर हाय," ती म्हणाली. "तुमी आनताय म्हनल्यावर मला घोर न्हाय."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून एसटीनं बारामतीला गेलो. तिथला दप्तरदार माझ्याच वयाचा होता. त्यानं मला बसवलं, पाणी दिलं, गावाचं नाव ऐकलं आणि एक यादी काढली. आमच्या यादीसारखीच. तीच गावं, तीच वर्षं. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मूळ प्रत इंदापुरात'. त्यांनी आमच्या भरवशावर जाळलं होतं आणि आम्ही त्यांच्या. माझं पत्र त्याच्या टेबलावर तसंच पडलेलं होतं, फोडलेलंसुद्धा नव्हतं.  मग तो हळूच म्हणाला, बाहेर वाच्यता करू नका, दोघंही नोकरीतून जाऊ.

परत आल्यावर मी कचेरीमागची राख काठीनं उकरली. काय सापडणार होतं? एक-दोन करपलेले कोपरे निघाले, त्यावर अक्षर नव्हतं.  बायकोला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, त्या बाईला आधी सांगा, साहेबांना मग.

चाचीच्या गावी गेलो तेव्हा ती वांग्याला पाणी देत होती. मी बांधावर उभा राहून सगळं सांगितलं. पुढच्या वाफ्यात पाणी वळवायला तिनं दारं मोडलं नाही, वाफा भरून वाहेपर्यंत तशीच खोऱ्याला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "जाळायच्या आदी तुमी वाचलं आसंल की. तेवढं सांगा सायबाला. माज्या घरधन्याचं नाव व्हतं म्हनून."

मी वाचलं नव्हतं. चाळीस गावांतला एकही कागद वाचला नव्हता. वाचलं म्हणालो असतो तर खोटं पाडणारा कागद जगात कुठं नव्हता, हे मला तिथंच कळलं. पुढचे चार दिवस मी त्या एका वाक्याशी झगडत होतो. तिच्या नवऱ्याचं नाव त्यात होतं, असं मला आजही वाटतं. पण वाटणं वेगळं.

सुनावणीच्या दिवशी मामलेदारांसमोर जबाब दिला. याद्या होत्या, मी जाळल्या, नक्कल न पाहता पाहिली म्हणून लिहिलं. तेव्हा कागद नाही हा दोष बाईंचा धरू नये, अशी विनंती केली. मामलेदारांनी विचारलं, "त्यात यांच्या नवऱ्याचं नाव तुम्ही पाहिलंत?"

चाची माझ्याकडं बघत होती.

"नाही साहेब. वाचलं नाही."

तिनं मान खाली घातली. नंतर सगळं साक्षींवर गेलं. मामलेदार शेतावर आले. शेजाऱ्यांपैकी दोघांनी सांगितलं की हीच कसते. बाकीचे मालकाच्या विहिरीवर पाणी भरणारे, त्यांना काही आठवेना. पुरावा अपुरा म्हणून चाचीचा अर्ज फेटाळला गेला. नदीकाठचा तुकडा गेला. पेरूची झाडं त्याच उन्हाळ्यात तुटली.

माझी चौकशी झाली, ठपका बसला, बदली बारामतीला झाली. नोकरी राहिली. अव्वल कारकून सुखरूप निवृत्त झाले, आणि बारामतीच्या दप्तरदाराचं नाव मी घेतलं नाही. ते बरोबर केलं की नाही, ठाऊक नाही.

इंदापूर सोडण्याआधी चाचीला एकदा भेटलो. ती भावाच्या गावी निघाली होती, भिगवण स्टेशनावर बोचकं घेऊन बसलेली. मी पाया पडायला वाकलो तर तिनं पाय मागं घेतले.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुमी खरं बोलला. पर माजं काय झालं त्यानं?"

 गाडी आल्यावर मी बोचकं वर चढवून दिलं. ते तिनं करू दिलं, इतकंच.