मैदानाचं वेळापत्रक

मी पदवीधर झालो तो आमच्या हायस्कुलातल्या खेळाच्या सरांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. दहावीचा निकाल लागला तेव्हा सर आमच्या घरी आले होते. वडील म्हणाले, "सर, ह्येका कॉलेजात धाडलंय तर शेतात माणूस खंय मेळतलो?" सर म्हणाले, "माणूस कमी पडलो तर लावणेक मी येतंय." आणि जुलैत ते खरोखरच आले. मी कॉलेजच्या वर्गात बसलो होतो त्या दिवशी ते आमच्या चिखलात गुडघाभर उभे होते.

बी.ए. होऊन मी किनाऱ्यावरच्या आमच्या छोट्या नगरपालिकेत कारकून लागलो. हायस्कूल पलीकडेच. मध्ये एक मैदान होतं, पण एक नव्हे, दोन अर्धी. अर्धं शाळेचं, अर्धं नगरपालिकेचं, आणि मधून चिऱ्यांचा गडगा, म्हणजे बुटकी दगडी भिंत. कुठलाच खेळ धड खेळता येत नसे. गडगा पाडून एक मैदान करावं, सपाटी करून रोलर नगरपालिकेने फिरवावा, वापर दोघांनी वाटून घ्यावा, ही कल्पना सरांची. शाळेच्या कमिटीतले लोक आपली जागा सोडायला तयार नव्हते. सरांनी एकेकाच्या घरी जाऊन त्यांची मनं वळवली.

मुख्याधिकारी घाटावरून आलेले, नवे. ते मला म्हणाले, "करारनामा आणि वेळापत्रक तुम्हीच तयार करा. तुम्ही त्याच शाळेचे."

सरांनी मला चिठ्ठी दिली होती: मुलींचा खो-खो, पाच ते पावणेसहा. शाळा पाचला सुटायची. खो-खोच्या निम्म्या मुली आतल्या गावांतल्या, आणि तिकडे जाणारी शेवटची एस.टी. सहाला. हे मला कोणी सांगायला नको होतं. शाळेत असताना मी स्वतः त्याच एस.टी.साठी दप्तर डोक्यावर घेऊन धावलो होतो.

पण तोवर मी गावच्या क्रिकेट क्लबात होतो. व्यापाऱ्यांची, शिक्षकांची मुलं मला नावाने हाक मारत, सामन्याला तारकर्लीला सोबत नेत. मला त्याचं फार अप्रूप होतं. संध्याकाळचा उजेड सगळ्यांनाच हवा होता. आमचा कॅप्टन म्हणाला, "कागद करणारो आपलोच आसा. पाच ते सहा आपल्याक घाल. खो-खोच्या चेडवांका सहा ते सात दी. त्यांका एक तास, आमका एक तास. कोण काय बोलतलो?"

मी तसंच लिहिलं. वर "समान वाटप" असं शीर्षकही दिलं.

मे महिना होता. शाळेला सुट्टी, आणि सात वाजेपर्यंत उजेड. मुख्याधिकाऱ्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. मुख्याध्यापक गावी गेलेले, म्हणून शाळेतर्फे सही करायला सर आले. मी कागद पुढे केला आणि म्हटलं, "वाचून घ्या, सर." हे म्हणताना ते वाचणार नाहीत याची मला खात्री होती.

"तू लिवलंस मां? मग माका वाचून काय करूचा आसा? खंय सही करू ता सांग."

मी बोट ठेवून जागा दाखवली.

पावसात मैदानावर कोणी जात नाही, त्यामुळे दसऱ्यापर्यंत काही उघड झालं नाही. पाऊस गेल्यावर एका संध्याकाळी सर मुलींना घेऊन आले, हातात रेषा आखायच्या फक्कीचं डबडं. आमचा खेळ सुरू होता. आमचा कॅप्टन करारनाम्याची प्रत घेऊन पुढे गेला. "सर, पाच ते सहा आमचो वेळ. ह्यो बगा कागद. सही तुमचीच."

सरांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर लावला आणि उभ्याउभ्या सगळं वाचलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेंडू माझ्या हातात होता.

"सही माझीच आसा," ते म्हणाले.

त्यांच्या संघाची कॅप्टन दहावीतली मुलगी होती, आतल्या गावातली. जिल्ह्याच्या स्पर्धेला जायचं तिचं ते शेवटचं वर्ष. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, सहाक आमची यस्टी सुटता. तुमका म्हायत नाय? तुमी सही कशी केल्यात?"

"चुकला गो माझा," सर म्हणाले. "चला."

मागून कोणीतरी ओरडलं, "क्लार्का, बॉल टाक मरे, उजेड जाता!" आणि मी बॉल टाकला.

दुसऱ्या दिवशी एक कागद बदलला असता तर सगळं मिटलं असतं. पण मग का बदलला हे सांगावं लागलं असतं. गडगा पाडल्यामुळे मैदानाचा शाळेचा असा वेगळा अर्धा भाग तर आता राहिलाच नव्हता. मुली शाळेपुढच्या फरसबंद अंगणात धावत. तिथे खांब रोवता येत नव्हते. दोघी मुलीच खांब होऊन उभ्या राहत. त्या वर्षी संघ जिल्ह्याला गेला नाही. सरांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. रस्त्यात भेटले की वडिलांची चौकशी करत. मार्चअखेर ते निवृत्त झाले आणि रेडीकडच्या आपल्या गावी गेले. मे महिन्यात मी त्यांना हे पत्र पाठवलं.

"ती. सरांस साष्टांग नमस्कार.

मैदानाचं वेळापत्रक मी मुद्दाम तसं केलं होतं. आपली चिठ्ठी माझ्या टेबलावर होती आणि एस.टी.ची वेळ मला पाठ होती. मला क्लबातल्या मुलांमध्ये राहायचं होतं, दुसरं कारण नाही. आपण वाचणार नाही हे धरूनच मी सही घेतली.

हे सगळं मी मुख्याधिकाऱ्यांना आणि शाळेला लेखी कळवलं आहे. जूनपासून पाच ते पावणेसहा मुलींना दिलं आहे. क्लब मी सोडला नाही, त्यांनीच मला काढलं.

पण गेल्या वर्षीच्या मुली अजून समजतात की त्यांची वेळ आपण घालवली. त्यांच्या कॅप्टनच्या घरी मी येत्या रविवारी जाणार आहे. हे वाचून आपण यायला निघाल, म्हणून विनंती करतो, येऊ नये. आपण समोर असलात तर ती मला काही बोलणार नाही, आणि तिने बोलायला हवं.

आपला विद्यार्थी."