तांब्याच्या पत्र्यावरची बाई

यवतमाळच्या रत्नप्रभाबाईंनी मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. घरात मात्र चित्रातलं कळायचं ते नीळकंठरावांना. हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यामुळे त्यांना सगळ्यातलंच कळायचं.

नागपूरच्या जुन्या बाजारातून त्यांनी एका बाईची तसबीर आणली. कुरळ्या केसांचा मनोरा, गळ्यात मोती, खांद्यावरून घसरू पाहणारं रेशीम, आणि समोरच्यानं अर्जाला तिकीट लावलं नाही असा चेहऱ्यावरचा भाव. खालचं फ्रेंच नाव वाचता येईना, म्हणून नीळकंठरावांनी तिला थेट फ्रान्सची राणी करून टाकलं.

"अहो, हे चित्र..." रत्नप्रभाबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या.

"तू चहा टाक."

बाईंची स्वतःची चित्रं ट्रंकेत होती, हॉलमध्ये जागा नसल्यामुळे. राणीला जागा लगेच सापडली. येणाऱ्याजाणाऱ्याला नीळकंठराव बजावत, "तीनशे वर्षांचं पेन्सिलकाम! हात लावू नका, पुसलं जाईल."

एकदा कॉलेजात कला शिकवणाऱ्या गौरी मॅडम आल्या. "पेन्सिल? मग रेघा इतक्या सारख्या कशा?"

"त्या काळी पेन्सिली चांगल्या मिळत."

रत्नप्रभाबाईंनी ट्रे खाली ठेवला. "पेन्सिल नाही ती. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलंय. भोवतीची दबलेली कड दिसते ना? पत्र्याची खूण आहे. आणि गालावरची सावली बघा, नुसत्या रेघा. दाट झाल्या की काळोख, विरळ झाल्या की उजेड."

गौरी मॅडमनी खालचं नाव वाचलं. राणी नव्हतीच, कुण्या सरदारघराण्यातली बाई होती. पण बाईंची स्वतःची चित्रं ट्रंकेत आहेत हे कळल्यावर आता त्यांना ती ट्रंक बघायची होती.

"काहून नाही सांगितलं आधी?" नीळकंठराव पुटपुटले.

"सांगत होते. तुम्ही चहा टाकायला लावला."

ट्रंक उघडली, गप्पा लांबल्या, चहा थंड झाला. दुसरा टाकायला नीळकंठराव गेले. साखरेचा डबा कुठे असतो हे शोधायला त्यांना अर्धा तास लागला. घर त्यांचंच होतं.

आता दर गुरुवारी रत्नप्रभाबाई गौरी मॅडमच्या कॉलेजात पोरींना लिनोच्या मऊ लादीवर चित्र कोरून छापायला शिकवतात. नीळकंठराव त्यांना स्कूटरवर सोडतात आणि तास सुटेपर्यंत फाटकावर वॉचमनला समजावतात, "पत्र्यावरचं काम असते ते. लोकं पेन्सिल समजतात. कळत नाही न लोकायले!"