विमानांवर वार्निश

“हात पुसलेस?” हे विचारल्याशिवाय काकांनी डबा कधी उघडला नाही. पुसलेत म्हटलं तरी माझे तळवे उलटसुलट करून बघायचे. तुम्ही तिथे असतात तर तुमचेही बघितले असते.

पेणला माझ्या चष्म्याच्या दुकानासमोर गणपतींचा कारखाना आहे. काका तिथे आखणी करायचे, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचे. डब्यात जुन्या सिगारेटच्या पाकिटांतून निघणारी छोटी चित्रं होती, सगळी पहिल्यावहिल्या प्रवासी विमानांची. एकावर एक दोन पंख, आत वेताच्या खुर्च्या. थोडी त्यांच्या आजोबांना धरमतरच्या धक्क्यावर कुणा साहेबाने दिलेली, बाकीची काकांनी जन्मभर जुन्या बाजारांतून हुडकलेली. स्वतः विमानात कधी बसले नाहीत. “पडला तं?”

पावसाळ्यात दमट हवेच्या धास्तीने काका अर्धे व्हायचे. दुकानात येऊन माझं भिंग मागायचे. “बुरशी नाय ना रे? नीट बघ.” एकाच चित्रासाठी चारदा.

एकदा मात्र हसत आले. “घोर मिटला!” मूर्तीला मारतात ते वार्निश त्यांनी साऱ्या विमानांना मारलं होतं. चकचकीत दिसत होती. मी कौतुकाने मुंबईच्या एका जाणकाराला फोटो पाठवले. तो फोनवर ओरडलाच. वार्निश पिवळं पडणार, आता निघायचं नाही, चित्रं गेली.

“काय म्हनला?” काकांनी विचारलं.

“छान आहेत म्हणाला.”

“टिकतील ना?”

“टिकतील की.”

वर्षभरात चित्रं पिवळी पडली. काकांना ते दिसलं नाही, कारण त्यांना मोतीबिंदू झाला होता आणि सगळं जगच पिवळट दिसत होतं. ऑपरेशन करू का, असं त्यांनी मलाच विचारलं. मी म्हणालो, “अजून पिकला नाही, थांबा.” चष्मेवाल्याने असं बोलावं! त्यांना स्वच्छ दिसू लागेल याची मला भीती वाटत होती. पुढे एका मूर्तीचा डोळा तिरका गेला आणि मालकाने त्यांचा ब्रश काढून घेतला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मग रोह्याजवळच्या वरशाहून त्यांची मुलगी आली, त्यांना डब्यासकट घेऊन गेली आणि तिकडेच ऑपरेशन करवलं. महिना उलटला तरी फोन नाही. शेवटी मीच केला. मुलीने उचलला.

“दिसतंय का नीट?”

“व्हय, झकास.” मग तिने आवाज खाली आणला. “दादा, ती विमानं पार पिवळी पडलीत. पन तुमाला सांगू नको म्हनलेत. पोराच्या जिवाला घोर लागंल म्हनतात.”

वरसे इथून तासाभरावर आहे. मी अजून गेलेलो नाही.