मुका कॉम्प्युटर

“अबे, त्याले हेडफोन घाला! समिती जिन्यावर आली!”

ओरडत होतो तो मी. विद्यापीठाचा ग्रंथपाल. त्या सकाळी पुढे काय झालं ते मी कोणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही, आणि तिला तर मी न घडलेल्या गोष्टीसुद्धा सांगतो.

माझी जीभ तुम्हाला ठाऊक नाही. आमच्या ग्रंथालयात उंदीर शिरला तर एम.ए. होऊनच बाहेर पडतो, असं मी कुलगुरूंच्या तोंडावर सांगितलंय. पुस्तकांना पैसे नाहीत, निम्म्या खुर्च्या रिकाम्या, पोरं मोबाइलवरच्या नोट्सवर पास होतात — या सगळ्यावर माझ्याकडे एकच इलाज. रंगवून सांगायचं. मग मूल्यांकन समिती येणार असं कळलं, आणि तिला अंध विद्यार्थ्यांचा कक्ष बघायचा होता. आमच्याकडे होता का? होता की — आदल्या संध्याकाळपासून.

लेखा विभागातून मागून आणलेला कॉम्प्युटर, भाषा विभागाचा हेडफोन, दारावर पाटी. पुस्तक वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर? ते नव्हतं. पडदा उजळायचा, आवाज शून्य. आता त्याच्यापुढे बसवायला एक खरा विद्यार्थी हवा होता.

सुगत एम.ए. इतिहासाच्या पहिल्या वर्षाला होता. जन्मापासून अंध, काटोलहून बसने यायचा. त्याची बहीण पुस्तकं मोठ्याने वाचून त्याच्या मोबाइलमध्ये भरून द्यायची. तिचं नुकतंच लग्न झालं, आणि वाचणारं कोणी उरलं नाही. मी त्याला म्हणालो, आज नुसता बस. समिती खूश झाली की मशीन खरंच बोलेल. शब्द दिला मी. मी — लक्षात येतंय ना?

समितीतल्या एक बाई त्याच्यापाशी थांबल्या. वाकून विचारलं, काय ऐकतो आहेस? सुगतने एका कानावरचा हेडफोन सरकवला. आता हा सांगणार. आणि का सांगू नये त्याने?

“इतिहास,” तो म्हणाला.

बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आमच्या कक्षाचं कौतुक अहवालात छापून आलं. पुढच्या बैठकीत मी त्याच सॉफ्टवेअरचे पैसे मागितले, तर कुलगुरूंनी तोच अहवाल माझ्यापुढे सरकवला — कक्ष तर आहे, तुम्हीच दाखवलात. एवढंच म्हणायचं होतं, की ते खोटं होतं. आयुष्यभर गप्प न बसलेला माणूस तेव्हा गप्प बसला. चहा प्यालो. पुढचा विषय निघाला.

सुगत यायचा, दाराशी उभा राहून विचारायचा, “सर, बोलायले लागलं काय?” मी सांगायचो — पुण्याहून निघालंय, दिल्लीत अडकलंय, एकदा तर विमान चुकलं म्हणालो. तो ऐकून घ्यायचा. मग त्याचं विचारणं थांबलं. लाज वाटायला हवी होती ना? मला सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधीच त्याने शिक्षण सोडलं. दाखल्यासाठी ग्रंथालयाचा शिक्का लागतो, म्हणून माझ्या टेबलापाशी आला. त्याला दिसत नाही — तरी मी मान वर केली नाही. सवयीने विचारलं, “काही पुस्तक बाकी आहे का गा तुझ्याकडे?”

“नेलंच नाही सर, एकबी.”