वाघाची वकिलीण

उसातून चालताना तोंड बंद ठेवायचं नाही, हा माझ्या चुलतीचा नियम होता.

आमची वस्ती गावापासून लांब, मळ्यात होती. तिथून एस.टी.च्या थांब्यापर्यंत कालव्याच्या चारीच्या कडेनं पायवाट आणि दोन्ही अंगांना डोक्याच्या वर गेलेला ऊस. थांब्यावर पोचलं की मोकळं रान लागायचं. तिथून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या छत्र्या दिसायच्या आणि त्या दिसल्या की माझा जीव भांड्यात पडायचा. चुलती रोज सकाळी दुधाचं कॅन घेऊन डेअरीच्या गाडीला जायची. मी तिच्या मागून, जुन्नरच्या कॉलेजला.

"बोल कायबी," ती म्हणायची. "पाढे म्हण, न्हाईतर शिव्या दे. आवाज आला म्हंजी त्ये बाजूला व्हतं."

'त्ये' म्हणजे बिबट्या. आमच्याकडं बिबट्या हा शब्द फक्त वर्तमानपत्रात असायचा. लोक वाघच म्हणायचे आणि उसात असताना तेही म्हणायचे नाहीत.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. वडिलांची अट एकच होती: चुलती बरोबर असेल तर जायचं, नसेल त्या दिवशी घरी बसायचं. मला ती अट जाचक वाटत नव्हती. कालव्याचं पाणी आलं, ऊस वाढला आणि उसाबरोबर वाघही. ही दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. वस्त्यांवरची कुत्री नाहीशी व्हायची, शेळ्या जायच्या. पलीकडच्या गावात एका बाईवर झडप पडली होती, ती वाचली. पण पुढं कितीतरी दिवस कोणी एकटं बांधावर गेलं नाही. त्याच हिवाळ्यात चुलतीची कालवड गोठ्यातून गेली. ती कालवड आई मेलेली. चुलतीनं बोटानं दूध चाटवून वाढवलेली. उसाच्या कडेला तिचं दावं सापडलं. ते चुलतीनं परत आणून त्याच खुंट्याला बांधून ठेवलं होतं आणि दुसरं जनावर तिथं बांधू देत नव्हती.

वाघाला मारायला बंदी होतीच. आता कायदा आणखी कडक होणार, अशी बातमी आली. नुसता फास लावला किंवा बांधाला विजेची तार सोडली तरी तुरुंग, असं लोक सांगत होते. त्यातलं नेमकं काय खरं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पण गाव तापलं होतं.

त्याच सुमारास कॉलेजात वादविवाद स्पर्धा झाली. विषय: शिकारीविरुद्धचा कायदा अधिक कडक व्हावा. कोणी कोणत्या बाजूनं बोलायचं, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. मला 'बाजूने' अशी चिठ्ठी आली. 'विरुद्ध' माझ्या मैत्रिणीला. ती घाटघरची, वसतिगृहात राहायची. तिच्या गावात वाघोबाला नारळ फोडतात.

"देवाला मारा म्हणायला लावलं मला," ती म्हणाली. "तू घेतेस का माझी चिठ्ठी?"

मी सरांना विचारायला गेले. सर म्हणाले, पटतं ते तर कोणीही बोलेल. मग मी वाचनालयात बसून तयारी केली. ठरल्या दिवशी बोलले. मैत्रिणीला पहिलं बक्षीस मिळालं, मला दुसरं, स्टीलचा डबा.

तो डबा मी आनंदानं घरी आणला. चुलतीनं हातात घेऊन बोटानं वाजवून पाहिला.

"जाड हाय. कशाचं बक्षीस?"

मी सांगितलं. सांगताना तिचा चेहरा बदलत गेला, तरी मला थांबता आलं नाही.

"म्हंजी तू वाघाच्या बाजूनं बोललीस."

"काकी, ती स्पर्धा असते. चिठ्ठी निघाली तसं बोलायचं."

"चिठ्ठी निघाली म्हनून?" तिनं डबा खाली ठेवला. "उद्या चिठ्ठी निघाली, चुलतीला वाघाम्होरं टाका, तर त्ये बी बोलशील? आन् डबा घिऊन येशील?"

तिला समजावणं मला जमलं नाही. आमच्याकडं माणूस चारचौघांत उभं राहून बोललं की तो त्याचा शब्द असतो. लग्न त्यावर ठरतं, बांधाचा तंटा त्यावर मिटतो. चिठ्ठीत आली ती बाजू घेऊन बोलायचं आणि घरी येताना ती तिथंच ठेवून यायचं, ही पद्धत तिनं कधी पाहिली नव्हती. आणि तिचा सवाल मलाही पुरता खोटा वाटेना.

दुसऱ्या दिवशी ती माझी वाट न बघता कॅन घेऊन गेली. वडील म्हणाले, "मग बस घरी." आठवडाभर मी घरी बसले. थोड्याच दिवसांत विहिरीवरसुद्धा मला 'वाघाची वकिलीण' म्हणायला लागले. एका म्हाताऱ्या आजीनं अगदी गंभीरपणे विचारलं, वाघ फी किती देतो.

मग ग्रामसभा आली. मारुतीच्या देवळापुढं मांडव घातला होता. वनखात्याचे एक साहेब आले होते, वयानं तरुण, घामाघूम झालेले. ते फासाबद्दल सांगत होते, क्लचच्या तारेचा फास रानडुकरासाठी लावला तरी बिबट्या अडकतो वगैरे.

"बिबट्या नका म्हनू, साहेब," मागून एक जण म्हणाला. "वाघ म्हना. बिबट्या म्हनलं की मांजरावानी वाटतं."

लोक हसले. ते हसणं चांगलं नव्हतं.

"आमची म्हस तुमच्या जंगलात गेली तर तुमी दंड करता," दुसरा उठला. "तुमचं जनावर आमच्या गोठ्यात आलं, आता दंड कुनाला करायचा ते सांगा."

"ते जनावर खात्याचं नाही," साहेब म्हणाले.

"मग कुनाचं? कुनाचंच नसंल तर मारू द्या की राव."

"न्हाई, तेंचंच हाय. गाडीतनं आनून सोडत्यात हितं."

साहेब म्हणाले, तसं काही नाही. कोणी ऐकलं नाही. माझी चुलती बायकांच्या घोळक्यात पुढं बसली होती. ती बसूनच बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"साहेब, तुमच्या घरी लेकरू हाय?"

"आहे."

"अंगनात निजवता?"

साहेब हातातले कागद चाळू लागले. मला त्यांची कीव आली आणि चुलतीचंही बरोबर वाटलं.

शेवटी ठराव वाचला गेला: नवा कायदा नको, आणि वस्तीत शिरलेला वाघ मारायची गावाला मोकळीक हवी. हात वर करून मतं द्यायची होती. त्याच वर्षी मतदार यादीत माझं नाव लागलं होतं. सभेला निघताना वडील मला म्हणाले होते, "हात वर कर. काकीनं बघितलं की तिचा राग जाईल. उद्यापास्नं कॉलेज चालू." ते मोठे प्रेमानंच बोलले होते.

हात वर झाले. सगळ्या मांडवात हातच हात. चुलतीनं आपला हात वर ठेवूनच मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"वकिलीनबाईंचा हात दुखतो का?" कोणीतरी म्हणालं.

मी उभी राहिले. मला उभं राहायचं नव्हतं, पण बसून बोलणं उद्धटपणाचं वाटलं. "तिकडं चिठ्ठी निघाली होती," मी म्हणाले. "इथं कोणी चिठ्ठी दिलेली नाही. वाघाला मी भिते. काकीची कालवड गेली तेव्हा मीही जेवले नाही. पण मारा म्हणून माझा हात वर होत नाही." पुढं आणखी काही बोलायचं होतं, कॉलेजात बोलले होते त्यातलं. त्यातलं एक वाक्यही तिथं आठवेना.

"बस खाली," वडील म्हणाले.

ठराव झाला. मोजायची गरजच नव्हती. घरी जाताना वडील माझ्या पुढं चालत राहिले. मला वाटलं, संपलं. पुस्तकं वाचनालयाला कोणाबरोबर परत पाठवायची, याचा मी विचार करत होते.

सकाळी उठून सवयीनं दप्तर भरलं आणि उंबऱ्यावर बसून राहिले. चुलती कॅन घेऊन निघाली. माझ्याकडं न बघता अंगणातून पुढं गेली, चारीपर्यंत गेली आणि उसाच्या तोंडाशी थांबली. तिनं कॅनच्या झाकणावर दोनदा हात आपटला. मग वळून मोठ्यानं म्हणाली,

"बसलीय बघा म्हाराणी. चलती का न्हाई?"

मी वडिलांकडं पाहिलं. ते गोठ्यात होते. त्यांनी मान वर केली नाही, पण नकोही म्हणाले नाहीत. मी दप्तर घेऊन पळत गेले.

"राग गेला म्हनून न्हाई बोलावलं," ती चालता चालता म्हणाली. "आठ दिस एकटी जातीय. झाकन बडवून हात सुजला. एकटीनं मोठ्यानं बोलत जावं तर लोक येडी म्हनत्यात. बोलायला दुसरं मानूस लागतं."

मी बरं म्हणाले.

मग तिनं सुरुवात केली. माझ्या शिकण्यावर बोलली, त्या डब्यावर बोलली, साहेबांवर, कायद्यावर, आणि कालवडीला कसं बोटानं दूध चाटवलं त्यावर. आवाज चढवून, थांबून दम खाऊन, पुन्हा पहिल्यापासून. मी मागून ऐकत होते. तिच्या ओरडण्यानं पुढं दोन्ही बाजूंचे पक्षी उडत होते. वाट वळते तिथं पाला अंगाला घासतो, आणि तिथं तिचा दम संपला. एकाएकी सगळं शांत झालं.

ती थांबली नाही. कॅन या हातातून त्या हातात घेतलं आणि मागं न बघता म्हणाली,

"आता गप का? मांड की तुझ्या वाघाची बाजू. मोठ्यानं मांड. हितं ऊस लई दाट हाय."